बाळ निघालं पार्सेला

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांतून हल्ली एक विषय हमखास निघतो. मुलगी-जावई बेंगळूरला, हैदराबादला नाहीतर पुण्याला. बाळ झालं, बारसं झालं, आता त्याला एकदा गावी आणायचं, देवीच्या पायांवर घालायचं, थकल्या माणसांना दाखवायचं. मग आणायचं कसं? रात्रभर बसने, रेल्वेने, की सरळ विमानाने? विमानाचं नाव काढलं की अर्धं घर गप्प होतं आणि उरलेलं अर्धं एकदम बोलू लागतं. "तासाभराचं तर काम, त्यात काय?" म्हणणारे एका बाजूला आणि "कोवळे कान आहेत हो, जपा" म्हणणाऱ्या दुसऱ्या बाजूला. खरं सांगायचं तर तास असतो तो मोठ्या माणसांसाठी. बाळाच्या दृष्टीने त्यातली शेवटची अर्धी घटकाच काय ती महत्त्वाची. ती नीट सांभाळली की बाकीचा प्रवास बसपेक्षा सोपा, असं माझं आता स्वच्छ मत झालं आहे.

माझी भाची बेंगळूरला नोकरी करते. जावई धारवाडचे. घरात आई बाळाशी मराठीत बोलते, बाबा कानडीत, आणि बाळ दोघांकडे पाहून सारखंच हसतं. गेल्या डिसेंबरात, ते पाच महिन्यांचं झाल्यावर, त्याला पार्सेला न्यायचं ठरलं. पार्से हे माझ्या आईचं माहेर, म्हणजे आमचं आजोळ, गोव्याच्या पेडणे तालुक्यातलं. पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग पाहून बाहेरचे लोक त्याला 'पार्सेम' म्हणतात. शेवटचा तो 'म' नुसता नाकातून सोडून द्यायचा असतो, हे पेडण्यात चार दिवस राहिल्याशिवाय कळत नाही. तिथे माझी आजी आहे. वय नव्वदीला टेकलेलं. बाळाची ती खापरपणजी. अलीकडे ती घराच्या अंगणापलीकडे जात नाही, आणि डोळ्यांनाही फारसं दिसत नाही. फोटो दाखवून उपयोग नव्हता. "माका हातात घेवंक जाय," एवढाच तिचा निरोप होता. हा निरोप 'पुढच्या सुट्टीत बघू' म्हणून बाजूला ठेवण्यासारखा नव्हता.

जावयांना रजा मिळाली नाही. माझ्या कॉलेजच्या परीक्षा नुकत्याच संपल्या होत्या, म्हणून सोबतीला मी.

निघायच्या आदल्या रात्री धारवाडहून बाळाच्या आज्जींचा फोन आला. "कूसिन किवि ज्वाकी री!" बाळाचे कान सांभाळा. कानडीत बाळाला कूसु म्हणतात, आणि मराठीत बाळ जिथे वाढतं ती कूस. व्युत्पत्ती काय असेल ती असो, भाषा शिकवणाऱ्या बाईला असा शब्द ऐकला की क्षणभर थांबावंसं वाटतंच. आज्जींनी लोकरीची कुलावी विणून पाठवली होती, कान पूर्ण झाकणारी. शिवाय कानात कापसाचे बोळे घालायची सूचना होती. कुलावी घातली. बोळ्यांचं मात्र बाळाच्या डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, "कापसाने वारा अडतो, आवाज थोडा कमी होतो. पण विमानात कान दुखतो तो आतून. तिथे कापूस काय करणार?"

ते कसं, हे चोर्ला घाट उतरलेल्या कुणालाही पटकन समजेल. घाट उतरताना कानात दडे बसतात. कुणीतरी पिशवीतून लिमलेटची गोळी काढतं, आपण ती चघळतो, आवंढा गिळतो, आणि 'टक्' करून कान मोकळे होतात. कानाच्या पडद्याच्या आत जी थोडी हवा असते, तिला घशाशी जोडणारी एक बारीक नळी असते. युस्टेशियन नलिका तिचं नाव. एरवी ती मिटलेली असते, गिळताना उघडते, आणि आतला-बाहेरचा हवेचा दाब सारखा होतो. बाळांची ही नळी आखूड, अरुंद आणि मोठ्यांपेक्षा जास्त आडवी असते. त्यात सर्दी असेल तर ती सुजून बंदच होते. आणि बाळाला 'आवंढा गिळ रे' असं सांगता येत नाही. ते रडतं, एवढंच.

विमान तीस-पस्तीस हजार फुटांवरून उडतं हे खरं, पण आतली हवा यंत्राने दाबून ठेवलेली असते. त्यामुळे आत बसणाऱ्याला साधारण सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असल्यासारखं होतं. कर्नाटकातलं सर्वांत उंच शिखर मुळ्ळय्यनगिरी १९३० मीटरचं, म्हणजे सहा हजार तीनशे फुटांच्या थोडं वर. तेव्हा बाळ तासाभरात मुळ्ळय्यनगिरी चढून उतरतं म्हणा ना! बेंगळूर-गोवा मार्गाची आणखी एक गंमत आहे. बेंगळूर मुळातच तीन हजार फुटांवर वसलेलं, आणि मोपाचा विमानतळ समुद्रसपाटीपासून दीडशे-पावणेदोनशे मीटरवर. म्हणजे गोव्याकडे जाताना कानांना चढण कमी आणि उतरण जास्त. त्रास व्हायचा तो बहुतेक उतरतानाच होतो, कारण उतरताना बाहेरचा दाब वाढत जातो आणि मिटलेली नळी आणखीच घट्ट मिटते. चोर्ल्याला आपण वळणं घेत सावकाश उतरतो, मध्ये चहाला थांबतो. विमानात याच्या दुपटीहून जास्त उतरण वीस-पंचवीस मिनिटांत आटोपते.

उपाय एकच आणि तो फार जुना आहे. उतरताना बाळाला पाजत राहायचं. अंगावरचं दूध, नाहीतर बाटलीतलं, नाहीतर चोखणी. घोट घोट गिळत राहिलं की नळी उघडत राहते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी, साखरपाणी, मध वगैरे देण्याचा मोह मात्र कुणी करू नये. शेजारच्या रांगेतून अशा सूचना येतातच. आणि सर्दी-ताप असेल, कान फुटलेला असेल, तर तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील, प्रवास पुढे ढकलावा. बाळ काही दिवसांचंच असेल, पुऱ्या दिवसांआधी जन्मलेलं असेल, हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघूच नये.

तिकिटाचं थोडक्यात सांगते. दोन वर्षांखालच्या बाळाला वेगळी खुर्ची नसते. ठराविक शुल्क भरून ते मोठ्या माणसाच्या मांडीवर बसतं, एका मोठ्या माणसामागे एकच बाळ. वयासाठी जन्मदाखला जवळ हवा. मोठ्यांच्या पट्ट्याला अडकवायचा बाळाचा छोटा पट्टा विमानात देतात, तो नुसता हातात धरून बसू नये. बाबागाडी सहसा विमानाच्या दारापर्यंत नेता येते. बाळाचं दूध तपासणीच्या वेळी वेगळं काढून दाखवावं, नेऊ देतात. आमच्या ओळीत आणखी एक बाळ येणार होतं, त्याला कर्मचाऱ्यांनी मागे हलवलं. भाचीला वाटलं, रडारड नको म्हणून. कारण वेगळं होतं. छतातून खाली येणारे प्राणवायूचे मुखवटे तीन खुर्च्यांमागे सहसा चारच असतात. दोन बाळं झाली की एक मुखवटा कमी पडेल.

खिडकीशी भाची आणि बाळ, मध्ये मी, कडेला मांडीवर लॅपटॉप उघडलेले एक गृहस्थ. त्यांनी बाळाकडे पाहून विचारलं, "रडणार नाही ना?" भाची म्हणाली, "विचारून सांगते." गृहस्थ हसले, आणि तिथून पुढे ते आमच्याच बाजूचे झाले.

चढताना बाळ दूध पीतच होतं, त्यामुळे काही झालं नाही. वर गेल्यावर ते झोपलं. इथेच सावध राहायचं असतं. झोपेत बाळ फार कमी गिळतं, आणि लहान पल्ल्याच्या विमानात वर पोचून जरा टेकतोय तोच उतरण सुरू होते. 'आपण आता उतरत आहोत' ही घोषणा होईपर्यंत विमान बरंच खाली आलेलं असतं. मी घड्याळ धरून बसले होते. उतरायच्या वेळेला अर्धा-पाऊण तास उरला, यंत्रांचा आवाज मंदावला, तशी भाचीने शाल पांघरली आणि मी बाळाच्या तळव्यांना गुदगुल्या केल्या. ते कुरकुरत जागं झालं आणि पिऊ लागलं. मध्येच थांबलं की पुन्हा तळवे. शेवटची पाच-सात मिनिटं त्याने भोकाड पसरलंच. तेव्हा आम्ही घाबरलो नाही, कारण रडतानाही ती नळी उघडते. बाळ आपलं औषध आपणच घेत असतं. मी 'जो जो' सुरू केलं. हा एक शब्द बरा आहे, मराठीत म्हटला की कानडी समजायचा तो समजतो आणि कानडीत म्हटला की मराठी. लॅपटॉपवाले गृहस्थ जिभेने टाळूवर टॉक् टॉक् वाजवू लागले. चाकं टेकली तेव्हा बाळ त्यांच्याकडे तोंड उघडं टाकून बघत होतं.

मोपा म्हणजे सडा. कोकणात जांभ्या दगडाच्या सपाट माथ्याला सडा म्हणतात. पावसाळ्यात हिरवागार, रानफुलांनी भरलेला, डिसेंबरात पिवळं गवत आणि लाल माती. 'मोप' म्हणजे पुष्कळ, हे आपल्याला माहीत आहे, आणि या सड्यावरून वादही मोप झाले. भोवतालच्या गावांतल्या लोकांच्या जमिनी, काजूच्या बागा, गुरं चारायची रानं त्यात गेली, हजारो झाडं तोडली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१९ मध्ये न्यायालयाने पर्यावरणाची मंजुरी स्थगित केली होती, २०२० च्या जानेवारीत ती स्थगिती उठली. ११ डिसेंबर २०२२ ला विमानतळाचं उद्‌घाटन झालं, मनोहर पर्रीकरांचं नाव त्याला दिलं गेलं, आणि ५ जानेवारी २०२३ ला हैदराबादहून पहिलं प्रवासी विमान उतरलं. माझ्या मामाच्या ओळखीतल्या एका घराची काजूची बाग गेली. ते आजही त्या रस्त्याने जाताना तिकडे बघत नाहीत, असं मामा म्हणाला. आम्ही मात्र त्याच विमानतळावर बाळ घेऊन उतरलो आणि पाऊण तासात पार्सेच्या वाटेला लागलो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मी तरी त्यातली एक लपवून दुसरी सांगणार नाही.

आधी गोव्यात विमान म्हणजे दाबोळी. पार्सेहून दाबोळीला जायचं म्हणजे शापोरा, मांडवी आणि झुआरी अशा तीन नद्या ओलांडायच्या. माझ्या लहानपणी शिवोली-चोपडेची फेरीबोट होती. धाकट्या भावाला कडेवर घेऊन आई त्या बोटीत कठड्यापासून लांब, अगदी मधोमध उभी राहायची. विमानाचा विचार तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरात कुणाच्या डोक्यातही येत नसे.

दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीजांनी १९५५ मध्ये सुरू केला. त्याच्याशी बेळगावचाही संबंध आहे. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय हवाई दलाची हंटर विमानं आपल्या सांबऱ्याहून उडाली आणि त्यांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं. दाबोळीच्या धावपट्टीवर पुण्याहून गेलेल्या कॅनबेरा विमानांनी बॉम्ब टाकले. त्या रात्री खड्डे पडलेल्या धावपट्टीवरून दोन प्रवासी विमानं अंधारात उडाली आणि कराचीला पोचली. त्यांत पोर्तुगीज अधिकाऱ्यांची कुटुंबं होती. कडेवरची पोरंही असतीलच त्यांत. त्या आयांनी पोरांचे कान कसे सांभाळले असतील, हा विचार इतिहासाच्या पुस्तकात कुणी करत नाही.

विमानतळाबाहेर टॅक्सी ठरवली. भाचीने बाळाची गाडीतली खुर्ची बरोबर आणली होती, सामानात टाकून. मागच्या बाकावर ती पट्ट्याने आवळली आणि बाळाला तीत बांधलं. चालक बघतच राहिला. "मांडयेर घेयात मगो बाय, वाट बरी आसा," तो म्हणाला. पण लहान मुलांना पट्ट्याने किंवा अशा खुर्चीत सुरक्षित बसवावं, असं २०१९ च्या दुरुस्तीनंतरचा मोटार वाहन कायदाही सांगतो, नाहीतर हजार रुपये दंड. आपल्याकडे तो कुणी पाळत नाही हा भाग वेगळा. लोक विमानाला घाबरतात आणि विमानतळाहून घरापर्यंत बाळाला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसतात. माझ्या मते घाबरायचं ते इथे.

पार्सेचा रस्ता लागला की शहाळी, काजूची कलमं, मध्येच एखादा जुना कौलारू वाडा, एखादा नवा रंगीत बंगला, आणि खाली भातकापणी झालेली शेतं. समुद्र जवळ असून दिसत नाही, पण हवा ओलसर लागते. गोव्याच्या जाहिरातीत असतो तो गोवा इथून चार-पाच मैलांवर, मांद्रे-मोरजीच्या वाळूवर. पार्सेत भगवतीचं देऊळ, बाजाराचा तिठा आणि दुपारी दोननंतर सगळीकडे झोप. आई बेळगावहून चोर्ल्यामार्गे सकाळीच पोचली होती. तिने आजीला अंगणात, तुळशीपाशी खुर्ची देऊन बसवलं होतं.

"आयलें गो, आयलें," म्हणत आजीने हात पुढे केले. बाळाला मांडीवर घेतलं. तिने आधी टाळू चाचपली, मग कुलावीची नाडी सोडून दोन्ही कान बोटांनी चाळले, मग तळवे. पाच पिढ्या एका अंगणात होत्या, पण कुणी फोटोसाठी हललं नाही.

नंतर, दुपारी ओसरीवर, आजीने तिची गोष्ट सांगितली. मी ती अर्धीमुर्धी ऐकली होती, भाची पहिल्यांदाच ऐकत होती. आजीचं माहेर आरोंद्याचं, तेरेखोल नदीच्या पलीकडचं. पार्सेहून किरणपाणीपर्यंत पायी, मग होडी. अर्ध्या दिवसाची वाट. पण अलीकडे पोर्तुगीजांचं राज्य आणि पलीकडे स्वतंत्र भारत. पहिलं बाळंतपण माहेरी, कानडीत म्हणायचं तर तवरुमनेला, व्हायचं ठरलं होतं. ते साल १९५५. पंधरा ऑगस्टला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, हद्द आवळली गेली, नाकेबंदी कडक झाली. ओटीपोटी बाईला घेऊन नदी ओलांडायचं धाडस सासरच्यांना होईना. माझी आई पार्सेतच जन्मली. पलीकडे आजीच्या आईने बाळंतविडा शिवून ठेवला होता. झबली, दुपटी, लाल छिटाची कुंची. माणसं हातात जोखीम घेऊन ये-जा करत नव्हती असं नाही, पण आमच्या घरातली तशी नव्हती. बाळंतविडा पोचला तो गोवा मुक्त झाल्यावर, १९६१ संपताना. माझी आई तेव्हा सहा वर्षांची. तिने ती कुंची डोक्यावर घालून बघितली, ती मुठीएवढी बसली, आणि सगळे हसले, असं आजी म्हणाली. "आये मात हांसूंक ना," ती पुढे म्हणाली. माझी आई मान खाली घालून सुपारी कातरत राहिली.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "पणजी, मग ती कुंची?" ती मामाला झाली. त्याच्या जन्माला नेमकी उपयोगी पडली.

संध्याकाळी धारवाडहून व्हिडिओ फोन आला. आज्जींना कोकणी येत नाही, आजीला कानडी येत नाही. पडद्यावर एक पांढरा अंबाडा आणि इकडे दुसरा. आज्जींनी पहिला प्रश्न विचारला, "किवि?" आजीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कान विचारतायत." आजी फोनच्या अगदी जवळ गेली, जशी काही धारवाडला ऐकू जायला हवं, आणि ओरडून म्हणाली, "कान बरे आसात! दोनूय!"

परतीचं विमान सकाळचं होतं. जाताना उलटं, चढण जास्त आणि उतरण कमी. आईने हरमलच्या मिरच्यांची पुडी भाचीच्या पिशवीत घातली, आजीने आपल्या जुन्या लुगड्याचं मऊ दुपटं. बाळ त्यात गुंडाळलेलं होतं, आणि या खेपेला ते मोपापासून बेंगळूरपर्यंत एकदाही रडलं नाही.